वर्गखोलीतून उठलेले बंड

आधुनिक नाटकातील वास्तवविरोधी चळवळींविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा वादांच्या यादीने सुरू होते. प्रतीकवाद, अभिव्यक्तिवाद, अतिवास्तववाद, एपिक थिएटर, असंगत नाट्य. प्रत्येक वादाला एक परिच्छेद, दोन परदेशी नावे आणि शेवटी मानवी जीवनाच्या निरर्थकतेबद्दल एक सुस्कारा. विद्यापीठाच्या परीक्षेला ही यादी पुरते. पण तिच्यामुळे एक समज पक्का होऊन बसतो की, ही नाटके म्हणजे पोट भरलेल्या युरोपीय बुद्धिवंतांचे चाळे. ज्यांच्यापुढे रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे, त्यांनी आपले सरळ वास्तववादी लिहावे, समाजाची दुःखे जशीच्या तशी मांडावीत. आमच्या लेखकमित्रांच्या बैठकींतही हे मत वारंवार ऐकू येते. मुस्लिम समाजातून आलेल्या लेखकाकडून तर 'तुमच्याकडचे वास्तव सांगा' एवढीच अपेक्षा असते. तो जणू लेखक नसून साक्षीदार आहे!

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, उर्दू माध्यमाच्या शाळेत. दिवसाचा बराचसा वेळ फळ्यासमोर जातो. तेव्हा या नाटकांकडे पाहण्याची आमची जागा वर्गातली आहे आणि तेथून पाहिले की यादीत न दिसणारी एक गोष्ट दिसते. या बंडातील काही महत्त्वाची नाटके शाळेच्या वर्गाशी बांधलेली आहेत. एक नाटक विद्यार्थ्यांनी मास्तरांच्या केलेल्या टिंगलीतून जन्मले. एक भाषा शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकातून निघाले. आणि एक नाटक शाळकरी मुलांनी हरकत घेतल्यामुळे लेखकाला पुन्हा लिहावे लागले. हा निव्वळ योगायोग असेल असे आम्हांला वाटत नाही.

वास्तववादाशी वैर धरण्याचे मात्र काही कारण नाही. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'ने १८७९ मध्ये एका मध्यमवर्गीय घराची भिंत काढून दाखवली, तेव्हा ते मोठे धाडस होते. पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वान यांनी १८८७ साली 'थिएटर लिब्र' सुरू केले आणि पुढच्याच वर्षी खाटकांवरच्या एका नाटकात रंगमंचावर खरे मांस टांगले. मॉस्कोत स्तानिस्लावस्कींनी चेकॉव्हच्या नाटकांत बेडकांचे आणि रातकिड्यांचे आवाज आणले. चेकॉव्हला हे फारसे रुचले नाही. १८९८ मध्ये 'द सीगल'च्या तालमीच्या वेळी तो म्हणाला की, एखाद्या उत्तम चित्रातील चेहऱ्याचे नाक कापून तेथे खरे नाक बसवले, तर नाक खरे असेल पण चित्र बिघडेल. ही आठवण लिहून ठेवली ती त्याच नाटकात काम करणाऱ्या एका तरुण नटाने, व्सेवोलोद मेयरहोल्डने.

या मेयरहोल्डचे पुढे काय झाले, ते वास्तववादाच्या भाबड्या समर्थकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याने खऱ्या नाकाची रंगभूमी सोडली. नटाचे शरीर, शिड्या, चाके आणि उघडी लाकडी रचना यांतून नाटक उभे केले. तो क्रांतीच्या बाजूचाच माणूस होता. पण १९३४ मध्ये 'समाजवादी वास्तववाद' हे सोव्हिएत साहित्याचे अधिकृत धोरण झाले. जानेवारी १९३८ मध्ये त्याचे थिएटर बंद करण्यात आले, १९३९ मध्ये त्याला अटक झाली आणि २ फेब्रुवारी १९४० रोजी गोळी घालण्यात आली. वास्तव म्हणजे काय हे सरकार ठरवू लागले, तेव्हा वास्तववाद हा लेखनप्रकार राहिला नाही, तो हुकूम झाला.

आमच्या बी.एड.च्या दिवसांत आम्हांला पाठ टाचण काढायला शिकवत. एका रकान्यात शिक्षकाने विचारायचा प्रश्न, शेजारच्या रकान्यात मुलांकडून येणारे अपेक्षित उत्तर. वर्गात मूल तोंड उघडण्याच्या आधी त्याचे उत्तर वहीत लिहून झालेले असे. चांगले बेतलेले वास्तववादी नाटक आम्हांला या टाचणासारखे वाटते. कुठे डोळे भरून यायचे, कुठे चीड यायची, हे प्रेक्षकासाठी आधीच लिहिलेले असते. प्रेक्षक अंधारात बसून दुसऱ्याचे घर पाहतो आणि अपेक्षित उत्तर देऊन घरी जातो.

आता टिंगलीची गोष्ट. फ्रान्समधील रेन या शहरातील शाळेत एबेर नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. त्यांना वर्ग आवरत नसे. मुलांनी त्यांच्यावर चटोर नकला रचल्या, पिढ्या दर पिढ्या त्या वाढत गेल्या. १८८८ मध्ये त्या शाळेत आल्फ्रेड जारी हा पंधरा वर्षांचा मुलगा दाखल झाला आणि त्याने त्यात आपली भर घातली. त्यातूनच 'उबू रॉय' उभे राहिले. ढेरपोट्या, भित्रा, हावरट उबू पोलंडच्या राजाला मारून गादी बळकावतो, सरदारांना खड्ड्यात ढकलतो आणि स्वतः दारोदार फिरून कर वसूल करतो. १० डिसेंबर १८९६ रोजी पॅरिसमध्ये हा प्रयोग झाला. पहिलाच शब्द शिवी, तीही एक अक्षर वाढवून. स्थळ सांगायला पाटी. तुरुंगाचे दार दाखवायला एक नट हात पुढे करून उभा राहिला, उबूने त्याच्या हातात किल्ली घालून ती फिरवली आणि प्रेक्षागृहात गदारोळ उसळला. प्रयोग दोनच झाले.

राजकारणी सत्तेचे इतके नेमके चित्र त्या काळच्या एकाही गंभीर नाटकात नसेल. आणि ते चित्र मुलांना सापडले, कारण सत्ता त्यांना सर्वांत जवळून दिसते ती मास्तरात. आमच्या पेशाला हे बोचणारे आहे. तरी आम्ही मास्तर मंडळींनी मधल्या सुट्टीत भिंतीआडून आपली नक्कल ऐकली, तर लगेच छडी शोधू नये. तेथे नाट्यलेखन चाललेले असते.

दुसरे नाटक यूजीन आयनेस्को यांचे. ते रुमानियात जन्मले, बुखारेस्टमध्ये फ्रेंचचे शिक्षक होते आणि नंतर फ्रान्समध्ये स्थायिक झाले. इंग्रजी शिकावी म्हणून त्यांनी 'आसिमिल'चे स्वयंशिक्षणाचे पुस्तक घेतले आणि वाक्ये नकलून काढू लागले. छत वर असते, जमीन खाली असते, आठवड्याचे दिवस सात असतात. मग पुस्तकात स्मिथ नवराबायको आली. बायको नवऱ्याला सांगते की आपल्याला इतकी मुले आहेत, आपण अमुक शहरात राहतो, आपले आडनाव स्मिथ आहे. जणू नवऱ्याला हे ठाऊकच नव्हते! यातून 'द बाल्ड सोप्रानो' लिहिले गेले, ११ मे १९५० रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. घड्याळ सतराचे ठोके देते आणि बाई म्हणते नऊ वाजले. एक जोडपे एकमेकांची चौकशी करता करता या निष्कर्षाला पोहोचते की, आपण एकाच घरात, एकाच बिछान्यावर झोपतो, तेव्हा आपण पतीपत्नी असलो पाहिजे. नाटकाचे नावही एका चुकीतून आले. तालमीत एका नटाला 'सोनेरी केसांची शिक्षिका' असे म्हणायचे होते, त्याच्या तोंडून 'टकली गायिका' निघाले. शिक्षिकेची जागा गेली ती कायमचीच.

हे वाचून मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाला हसू येईल. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाचे हसू जरा लवकर थांबते. आमच्या मुलांच्या घरात दखनी, शाळेत किताबी उर्दू, सरकारी कचेरीत मराठी आणि नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी. चार भाषांपैकी तीन ते पुस्तकातील वाक्ये घोकून शिकतात. ज्या वाक्यांत कोणी कोणाला काही सांगत नाही, अशी वाक्ये. रामू बाजारात जातो. सलमा पत्र लिहिते. आयनेस्कोंनी ज्याला असंगत म्हटले ते आमच्याकडे पहिल्या तासाला सुरू होते.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्यांचे 'द लेसन' आले. एक म्हातारा प्राध्यापक आणि शिकवणीला आलेली अठरा वर्षांची मुलगी. तिला बेरीज येते, वजाबाकी येत नाही. मोठमोठे गुणाकार मात्र ती झटक्यात सांगते, कारण विचार करता येत नाही म्हणून तिने सगळी उत्तरे पाठ करून टाकली आहेत. आरंभी मुलगी टवटवीत आणि प्राध्यापक बुजरा. हळूहळू पारडे फिरते. तिचे दात दुखू लागतात, ती पुन्हापुन्हा सांगते, तो ऐकत नाही. शेवटी 'सुरी' हा शब्द शिकवता शिकवता तो तिला भोसकतो. मोलकरीण येते, रागावते आणि कोणी विचारू नये म्हणून त्याच्या दंडावर बांधायला एक पट्टी देते. ती त्या दिवशीची चाळिसावी मुलगी असते. पडदा पडतो तेव्हा पुढची मुलगी दारात उभी असते. १९५७ पासून ही दोन्ही नाटके पॅरिसच्या 'थिएटर द ला ह्युशेत'च्या इवल्याशा रंगमंचावर जोडीने मांडली जाऊ लागली आणि पिढ्यान्पिढ्यांनी ती तेथेच पाहिली.

दातदुखीचा तो तपशील आम्हांला सबंध नाटकात सर्वांत खरा वाटतो. मूल सांगत असते, दुखते आहे. शिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो.

१९५८ मध्ये 'द ऑब्झर्व्हर'मध्ये केनेथ टायनन या इंग्रज समीक्षकाने आयनेस्कोंवर आरोप केला, की हा माणूस भाषेवरचा आणि माणसामाणसांतील व्यवहारावरचा विश्वासच उडवतो, त्याची वाट वास्तवापासून दूर जाते. टायनन ब्रेख्तचा चाहता. आयनेस्कोंनी उत्तर दिले की, निरोप पोहोचवणे हे नाटककाराचे काम नाही आणि माणसे ज्या बंधनांत अडकतात ती विचारप्रणालींनीही घातलेली असतात. तेव्हापासून समीक्षेत दोन छावण्या झाल्या. समाज हवा असेल तर ब्रेख्त, निराशा हवी असेल तर आयनेस्को, बेकेट. आपल्याकडील तरक्कीपसंद मंडळींनीही ही वाटणी जशीच्या तशी उचलली. वर्गात उभे राहून पाहिले तर ती टिकत नाही. ब्रेख्तचे एक छोटे नाटक त्याला साक्ष आहे आणि आमच्या मते या साऱ्या चळवळीतील ती सर्वांत मोलाची घटना आहे.

आर्थर वेली यांनी १९२१ मध्ये जपानी 'नो' नाटकांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. त्यांत 'तानिको' हे एक होते. एलिझाबेथ हाउप्टमान यांनी ते जर्मनमध्ये आणले, ब्रेख्तने त्यावरून 'डेर यासागर', म्हणजे 'होय म्हणणारा', लिहिले आणि कुर्ट वाइल यांनी संगीत दिले. जून १९३० मध्ये बर्लिनमध्ये ते झाले. सादर करणारे विद्यार्थीच. देखावा जवळजवळ नाही. कथा अशी. एक शिक्षक डोंगरापलीकडे प्रवासाला निघाला आहे. एका मुलाची आई आजारी आहे, पलीकडच्या शहरातून तिचे औषध आणावे म्हणून तोही हट्टाने बरोबर निघतो. वाटेत मुलगाच आजारी पडतो. त्याला घेऊन अरुंद कड्यावरून जाता येत नाही. जुना रिवाज असा की, जो चालू शकत नाही त्याला दरीत टाकायचे, पण आधी त्याला विचारायचे. आणि त्याने 'होय' म्हणायचे, हाही रिवाजच. शिक्षक विचारतो. मुलगा होय म्हणतो. त्याला दरीत टाकतात.

अनेक शाळांनी हे नाटक केले. काही धर्मनिष्ठ समीक्षकांना तर त्यातील आज्ञाधारकपणा फारच आवडला. मग बर्लिनच्या नॉयकोल्न या कामगारवस्तीतील कार्ल मार्क्स शाळेत ब्रेख्तने वेगवेगळ्या वर्गांतील मुलांची मते मागवली. मुलांना ते पटले नाही. मुलाने मरायलाच हवे असे कुठे ठरले? सगळे मिळून परत का फिरले नाहीत? काही उपाय करून का पाहिला नाही? ब्रेख्तने ही मते छापली, पहिले नाटक दुरुस्त केले आणि शिवाय दुसरे लिहिले, 'डेर नाइनसागर', 'नाही म्हणणारा'. त्यात तोच डोंगर, तेच लोक, तोच प्रश्न. मुलगा म्हणतो, नाही. नव्या परिस्थितीत नव्याने विचार करायचा, असा नवा रिवाज मला हवा आहे. मग सगळे त्याला घेऊन परत फिरतात, लोक हसतील हे ठाऊक असून. दोन्ही नाटके शक्यतो एकत्रच करावीत असे ब्रेख्तचे सांगणे होते.

हेच कथानक वास्तववादी रीतीने मांडले असते तर? खोकणारा मुलगा, वाऱ्याचा घोंगाट, मागे राहिलेल्या आईची आठवण. नॉयकोल्नची मुले ढसाढसा रडली असती आणि रडून मोकळी झाली असती. समोर एक रिकामी जागा आणि ठोकळ्यासारखी मांडलेली गोष्ट होती, म्हणूनच त्यांना हरकत घ्यायला सवड मिळाली. अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा होता.

याचा अर्थ ब्रेख्तला सगळे साधले असे नाही. दुरुस्त केलेल्या 'होय'मध्ये त्याने गावात साथ आणली. आता औषध साऱ्या गावासाठी हवे, तेव्हा मुलाचे मरण समर्थनीय ठरते. आम्हांला ही दुरुस्ती नाटकाला दुबळे करणारी वाटते. मुलांनी विचारले होते, मरायचे कशाला? लेखकाने मरणाला चांगले कारण शोधून दिले. त्याच १९३० साली त्याचे 'डी मासनाहमे' आले, त्यात पक्षाचे कार्यकर्ते आपल्याच तरुण साथीदाराला, त्याची संमती घेऊन, ठार करतात. ते नाटक पुढे कोणी करू नये अशी इच्छा स्वतः ब्रेख्तनेच दाखवली. मेयरहोल्डची कहाणी आठवली की ती संमती अंगावर येते. आणि नॉयकोल्नच्या शाळेचे काय झाले? कामगारांच्या मुलांसाठी ती प्रयोगशील शाळा फ्रिट्झ कार्सन या शिक्षणतज्ज्ञाने वाढवली होती. फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर येताच, त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना देश सोडावा लागला. 'नाही' म्हणायला शिकलेल्या वर्गांची पहिली पाळी आली.

ही गोष्ट आम्ही एकदा आठवीच्या वर्गाला सांगितली. नाटक म्हणून नाही, नुसती गोष्ट म्हणून, आणि मुलाला विचारण्याच्या जागी थांबलो. आधी एका सुरात 'जी सर' आले, ते नेहमीचेच. एक मुलगा म्हणाला, "रिवाज है तो मानना पडता ना सर." मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलाच बोलते, म्हणाली, "उस्तादच रुक जाते ना उसके पास. बाकी लोगां दवा ले आते." हे ब्रेख्तच्या दोन्ही नाटकांत नाही. एकात मुलगा मरतो, दुसऱ्यात सगळे परततात. शिक्षकाने मागे थांबावे ही तिसरी वाट आठवीतल्या मुलीला दिसली. आमच्या पाठ टाचणात ती नव्हती.

हे सारे युरोपचे, असे म्हणून वाचकाने उठू नये. मुळात ज्यावर ब्रेख्तने हे बांधले ते नाटक जपानचे. १९३५ मध्ये मॉस्कोत त्याने चिनी नट मेइ लानफांगला पाहिले आणि त्यावर लिहिले. आर्तोला धक्का बसला तो १९३१ मध्ये पॅरिसला आलेल्या बाली बेटावरच्या नर्तकांनी. खऱ्या नाकाचा आग्रह आपल्या तमाशाने कधी धरला नाही. सोंगाड्या प्रेक्षकांशी बोलतो, एक गिरकी घेतली की गाव बदलते. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये आले तेव्हा डॉ. जब्बार पटेलांनी माणसांचीच भिंत उभी केली. गंमत अशी की, ज्या नाटकात भिंतसुद्धा माणसांची, त्याच्यावर आक्षेप आला तो नाना फडणीस प्रत्यक्षात असे नव्हते, हा!

पण वर्गाच्या संदर्भात आम्हांला सर्वांत जवळचे वाटते ते हबीब तन्वीर यांचे 'आग्रा बाजार'. १९५४ मध्ये दिल्लीत जामिया मिल्लियाचे विद्यार्थी आणि ओखला गावचे लोक घेऊन त्यांनी ते केले. तोवर तन्वीर इंग्लंडला गेले नव्हते. बर्लिनला ब्रेख्तचे थिएटर त्यांनी पाहिले ते १९५६ मध्ये, ब्रेख्तच्या निधनानंतर. म्हणजे ही उसनवारी नव्हे. बाजारातील एक ककडीवाला आहे, त्याचा माल खपत नाही. ककडीवर कोणी दोन ओळी लिहून दिल्या तर खपेल, असे त्याला वाटते. किताबफरोशाच्या दुकानात बसलेले शायर आणि तजकिरानिगार त्याला हुसकून लावतात. शेवटी नजीर अकबराबादी त्याला नज्म लिहून देतात. नजीर पूर्ण नाटकात रंगमंचावर येत नाहीत. येतात फक्त त्यांच्या नज्मा, फकिरांच्या आणि फेरीवाल्यांच्या तोंडून. आग्र्यात मुले शिकवून पोट भरणारा हा मुअल्लिम, ज्याला शेफ्तासारख्या जाणकारांनी बाजारू म्हणून मोजले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याच्या नज्मा असतात, प्रश्नोत्तरांसह. नाटकात त्याच नज्मांनी ककड्या विकल्या जातात.

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की आम्हांला नाटक बसवायला सांगतात. दरवर्षी तीच हुंडाबळी, तीच व्यसनमुक्ती, खरी खाट, खरा दवाखाना, शेवटी बापाचे डोळे उघडतात आणि टाळ्या. ब्रेख्तच्या त्या दोन छोट्या नाटकांना ना खाट लागते ना पडदा. बारा मुले आणि डोंगर म्हणून एक बाक पुरे. उर्दूत आणि मराठीत, दोन्ही भाषांत, ती लागोपाठ व्हावीत आणि मध्ये दहा मिनिटे प्रेक्षकांतील मुलांना बोलू द्यावे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर आम्ही यंदा हेच करणार आहोत. मागच्या बाकावरची ती मुलगी आता दहावीत आहे. शिक्षकाचे काम तिलाच द्यायचा विचार आहे.